काढा प्यायलात की नाही यावरून माणूस कुठल्या पक्षाचा ते ठरत होतं

माणदेशी_वैद्य

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते. मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर, साताऱ्याच्या माण तालुक्यात छोटंसं क्लिनिक आहे, आणि २०२०-२१ मध्ये कोविड सेंटरला ड्यूटी केलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पतंजलीच्या रामदेवबाबा आणि बाळकृष्ण यांची माफी स्वीकारून औषधांच्या जाहिरातींवरून चाललेली अवमानाची केस बंद केली तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तेच भांडण पेटलं जे २०२० ला झालं होतं, तीच माणसं, तेच शब्द, दोन जण ग्रुप सोडून गेले. चार वर्षांत कोणी एक पाऊल पुढे आलं नव्हतं. म्हणून हा धागा.

आधी तारखा बघा. २९ जानेवारी २०२० ला आयुष मंत्रालयाचं (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचं केंद्रातलं खातं) पत्रक आलं की कोरोनाला प्रतिबंध म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या घ्या. भारतातला पहिला पेशंट केरळात सापडला ३० जानेवारीला. म्हणजे देशात आजार नोंदवला जायच्या आदल्या दिवशी त्याच्यावरचा उपाय जाहीर झाला होता! मग ३१ मार्चला इम्युनिटीच्या सूचना आल्या, त्यात तो काढा, तुळस दालचिनी मिरे सुंठ मनुका, दिवसातून एक-दोनदा, हळदीचं दूध, नाकात तेल किंवा तूप. त्या सूचनांमध्ये कोविड बरा होतो असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी १ एप्रिलला त्याच मंत्रालयाने आदेश काढला की कोविडवर आयुष औषधांच्या उपचाराचे दावे आणि जाहिराती बंद करा. हा आदेश किती जणांना माहीत होता? आमच्या गावात काढा घरोघरी पोचला, आदेश एकाही घरी पोचला नाही.

आता एक प्रसंग सांगते. एप्रिल २०२१, दुपारची वेळ, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून एका डाळिंबाच्या शेतकऱ्याला आणलं, वय पन्नाशीचं. बोलताना तीन शब्दांनंतर थांबत होते. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ७८. मला वाटलं बोट गार असेल म्हणून चोळून दुसऱ्या बोटाला लावला, ७९. तोंड उघडायला सांगितलं तर जीभ आणि गाल आतून सोललेले. सहा दिवस दिवसातून पाच वेळा काढा घेत होते, मिरे आणि सुंठ मुठीने घालून. मंत्रालयाचं 'एक-दोनदा' फॉरवर्ड होत होत पाच वेळा झालं होतं. मी रागावले, इतके दिवस घरी का बसलात म्हणून, तर ते धापा टाकत म्हणाले, "मॅडम, तुमचंच औषध घेतलंय की."

तुमचंच औषध. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. १०८ आली, त्यावरचा डॉक्टरही बीएएमएस, साताऱ्यापर्यंत ऑक्सिजनवर नेलं, बेड मिळायला चार तास लागले, अकरा दिवस ऑक्सिजन आणि स्टेरॉइड. वाचले. आजही येतात माझ्याकडे. त्यांचं ठाम मत आहे की काढ्याने तग धरला म्हणून वाचलो. मुलाचं मत आहे की काढ्याने सहा दिवस घालवले. बापलेक यावरून अजून भांडतात, आणि बाप एका पक्षाचा आणि मुलगा दुसऱ्या, हे सांगायलाच नको.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. या औषधाने हा आजार बरा होतो का, हा छोटा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळू शकतं. आयुर्वेद श्रेष्ठ की अ‍ॅलोपॅथी, हा मोठा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही, पण त्याच्यावर मतं मिळतात, लाइक मिळतात, माल विकला जातो. दोन वर्षं आपण सगळे मोठ्या प्रश्नावर भांडलो आणि छोटा प्रश्न कोणी विचारलाच नाही. काढ्यावर शंका घेतली की देशद्रोही, काढा प्यायला की अंधभक्त. माझ्यासारखीने कुठे उभं राहायचं?

---

शुक्रवारपेठ

ताई धागा कळकळीने लिहिलाय, त्या शेतकऱ्याचा प्रसंग वाचून खरंच कसंतरी झालं. पण माझा एक आक्षेप आहे आणि तो मी स्पष्टच मांडतो, की प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आयुर्वेदच का? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना घ्यायला सांगितलं, कुठल्या पुराव्यावर? बऱ्या झालेल्या पेशंटच्या प्लाझ्मासाठी लोकांनी रात्री-रात्री फोन केले, मी स्वतः दोनदा दिलाय, आणि १७ मे २०२१ ला तो गाइडलाइनमधून काढून टाकला, म्हणजे तोपर्यंत जे चाललं होतं ते काय होतं? रेमडेसिविरसाठी माणसांनी दागिने गहाण टाकले. लॅन्सेटसारख्या मासिकाने २२ मे २०२० ला हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा पेपर छापला आणि ४ जूनला मागे घेतला कारण विदाच (डेटा) संशयास्पद निघाला. तेव्हा कोणी म्हटलं का की अ‍ॅलोपॅथी भोंदूगिरी आहे? नाही, तेव्हा म्हणाले विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं. आणि वैद्याने चूक केली की पाच हजार वर्षांची अंधश्रद्धा. हा दुजाभाव लोकांना दिसतो, आणि मग लोक बाबांच्या मागे जातात, औषधावर विश्वास असतो म्हणून नाही, तर या तुच्छतेचा राग येतो म्हणून. माझे आजोबा वैद्य होते, पेठेत अर्ध्या रात्री दार वाजलं तरी उठायचे, पैसे मागत नसत. त्यांना कोणी भोंदू म्हटलं तर मला लागणारच.

---

केमिस्ट_डोंबिवली

मी दुकानाच्या काउंटरवरून बघितलेलं सांगतो.

२०२० च्या मे-जूनमध्ये आर्सेनिक अल्बमची मागणी एवढी की होलसेलर फोन उचलत नव्हता. आमच्या भागात तरी सगळ्या पक्षांच्या लोकांनी वाटलं. डबीवर नेत्याचा फोटो, खाली छोट्या अक्षरात गोळ्या कशा घ्यायच्या. म्हणजे पक्ष वेगळे, डबी तीच. गिऱ्हाईक म्हणायचं 'आपलं आयुर्वेदिक द्या', मी सांगायचो काका हे होमिओपॅथी आहे, जर्मनीतून आलंय, १०० पट पातळ करायचं असं ३० वेळा करतात. ते म्हणायचे असू दे, सरकारने सांगितलंय ना. आयुष या एका शब्दाखाली सगळं 'आपलं' झालं होतं.

जून २०२० ला कोविडसाठी फॅविपिराविर आलं, १०३ रुपयाला एक गोळी. लोकांनी ती पण तशीच घेतली, चिठ्ठी असो नसो. माझ्या काउंटरवर एकाच पिशवीत गुळवेलाचा ज्यूस, ती १०३ वाली गोळी, झिंक, व्हिटॅमिन सी आणि डबी. तोच माणूस घरी जाऊन फेसबुकवर एका बाजूने भांडायचा. पिशवी मात्र सगळ्यांची सारखी होती.

---

माणदेशी_वैद्य

@केमिस्ट_डोंबिवली, पिशवीचं अगदी खरं.

@शुक्रवारपेठ दादा, तुमचा राग मला कळतो, माझे सासरे पण जुने वैद्य आहेत. दुजाभाव होता हे मान्य. पण तुम्ही दिलेली उदाहरणं जरा नीट बघा ना. प्लाझ्मा गाइडलाइनमधून का गेला? कोणीतरी पेशंटचे दोन गट करून मोजलं म्हणून गेला. तुमचीच यादी सांगते की त्यांची औषधं त्यांनीच पाडली. मला आपल्या बाजूची तशी यादी दाखवा. आपण कुठलं औषध 'तपासलं, उपयोग नाही, बंद करतोय' असं जाहीर केलं? २३ जून २०२० ला हरिद्वारला पतंजलीचं कोरोनिल आलं, दावा काय, तर, सात दिवसांत १०० टक्के बरे. पेशंट कोणते, तर लक्षणं नसलेले आणि सौम्य. ते तर आमच्या सेंटरला नुसत्या पॅरासिटामॉलवर पण बरे होऊन जात होते. हे वर्गात पहिल्या वर्षाचा मुलगा विचारेल. मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवा म्हणून सांगितलं, उत्तराखंडच्या खात्याने सांगितलं की लायसन्सच्या अर्जात कोरोनाचा उल्लेखच नव्हता. आणि आठ महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २०२१ ला, तेच औषध परत आलं तेव्हा स्टेजवर देशाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन आणि आपले गडकरी साहेब. डब्ल्यूएचओला खुलासा करावा लागला की आम्ही कशालाच सर्टिफिकेट दिलेलं नाही.

आणि इकडे महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले की कोरोनिल विकू देणार नाही. ठीक, बरोबर भूमिका. पण त्याच महाराष्ट्रात ती आर्सेनिकची डबी गल्लोगल्ली फिरत होती, तिला कोणी अडवलं नाही. म्हणजे विरोध पुराव्याच्या अभावाला नव्हता, औषध कोणाचं आहे त्याला होता. यात आयुर्वेदाचा काय संबंध राहिला?

---

यॉर्कशायरची_नर्स

मूळची मी सांगलीची, गेली बरीच वर्षं इंग्लंडात नर्स आहे. इथे ते कसं झालं ते थोडं सांगते म्हणजे वैद्यताई काय म्हणतायत ते कळेल.

रिकव्हरी नावाची ट्रायल होती, मार्च २०२० ला सुरू झाली. वॉर्डात पेशंट आला की आम्ही विचारायचो, यात येणार का. हो म्हटलं तर कॉम्प्युटर ठरवायचा कोणाला कुठलं औषध आणि कोणाला नेहमीचीच ट्रीटमेंट. डॉक्टरला आवडतं म्हणून औषध नाही मिळायचं. आमच्या एका सीनियरला हायड्रॉक्सीवर फार भरवसा होता, तो चिडायचा. ५ जूनला निकाल आला, हायड्रॉक्सीचा उपयोग नाही. १६ जूनला आला, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू कमी होतात. जुनं, स्वस्त, कोणाच्या फायद्याचं नाही असं औषध. तुमच्या डाळिंबवाल्या काकांना जे स्टेरॉइड मिळालं ते तिथून आलं.

मला आपल्याकडच्या लोकांना हे विचारावंसं वाटतं की एवढे पेशंट होते, एवढी आयुर्वेदिक कॉलेजं होती, मग काढा विरुद्ध नुसतं गरम पाणी अशी एक मोठी सरळ चाचणी पहिल्या लाटेत का नाही झाली? खर्च तरी किती होता. काढ्याने खोकला कमी होतो असं निघालं असतं तर मी इथे वॉर्डात अभिमानाने सांगितलं असतं.

---

आल्तिनो

पणजीहून लिहितोय. आमच्या गोव्याने दोन्ही बाजू बघितल्या म्हणून लिहितो.

आमचे खासदार श्रीपादभाऊ नाईक तेव्हा आयुष मंत्री. माणूस साधा, कोणाच्याही लग्नाला, मयताला येणारा, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण एप्रिल २०२० मध्ये ते म्हणाले की इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स आयुर्वेद आणि होमिओपॅथीने बरे झाले, आणि लगेच चार्ल्सच्या ऑफिसने सांगितलं की असं काही नाही. ऑगस्टमध्ये भाऊंना स्वतःला कोविड झाला आणि लोकांनी जे काय काय लिहिलं ते मला अजिबात आवडलं नाही. आजारी माणसाला हसणं ही कुठली वैज्ञानिक दृष्टी?

आता दुसरी बाजू. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. डब्ल्यूएचओ सांगत होतं की ट्रायलच्या बाहेर वापरू नका. हे तर अ‍ॅलोपॅथीचं औषध! त्याच आठवड्यात इथे ऑक्सिजनवरून हायकोर्टात सुनावणी चालू होती. लोकांना बेड हवा होता आणि सरकारकडे द्यायला गोळी होती. मला तेव्हा समजलं की गोळी आयुर्वेदाची असो की विलायती, काहीतरी वाटलं की सरकार काम करताना दिसतं.

---

जुनी_कागदपत्रं

हा वाद नवा नाही हो. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये हेच झालं होतं. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना टोचली, काहींना नाही, आणि दोन्हीकडे मोजलं. नर्सताई म्हणतात तीच गोष्ट, सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या मुंबईत. (आज कैद्यांवर असं करणं कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.)

पण लोकांचा विश्वास बसला का? नाही, आणि त्यात लोकांचा काय दोष. फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा आला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात, माजघरात, देवघरात घुसले. औषध देणारा आणि दार फोडणारा एकच असेल तर औषधावर विश्वास कसा बसेल? तेव्हा वैद्याकडे जाणं म्हणजे औषध निवडणं नव्हतं, आपली अब्रू राखणं होतं. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने परत लावला. शुक्रवारपेठ म्हणतात ते 'तुच्छतेचा राग' इतकं जुनं आहे, ते कोणी २०१४ नंतर तयार केलेलं नाही, फक्त वापरलं.

आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले होत्या. हडपसरजवळ त्यांच्या दत्तक मुलाने, डॉ. यशवंतने, दवाखाना उघडला होता, तिथे पेशंट आणता आणता त्यांना प्लेग झाला, १० मार्च १८९७ ला गेल्या.

---

नास्तिक_नगरकर

धागा एकांगी नाही म्हणून बरं वाटलं, पण मुळात बीएएमएस लोकांनी अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या लिहायच्या आणि वर आयुर्वेदाचा अभिमान बाळगायचा हाच दुटप्पीपणा आहे. एक काहीतरी निवडा.

---

माणदेशी_वैद्य

@नास्तिक_नगरकर, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय म्हणून शांतपणे उत्तर देते. महाराष्ट्रात आम्हाला आधुनिक औषधं द्यायची कायद्याने परवानगी आहे, आणि १०८ वर, पीएचसीत, कोविड सेंटरमध्ये आम्ही नसतो तर माणसारख्या तालुक्यात ऑक्सिजन लावायला कोण होतं ते एकदा येऊन बघा. पीपीई किटमध्ये सहा सहा तास लघवीला न जाता आम्हीही काढलेत. तेव्हा आम्हाला 'कोविड योद्धा' म्हणून टाळ्या. नोव्हेंबर २०२० ला आयुर्वेदाच्या एमएस वाल्यांना (आयुर्वेदातले सर्जन) करता येतील अशा ५८ शस्त्रक्रियांची यादी जाहीर झाली आणि ११ डिसेंबरला आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, देशभर बंद केला, 'मिक्सोपॅथी', दोन पद्धतींची भेसळ, म्हणून. त्या वादात पेशंटच्या सुरक्षिततेचा मुद्दा खरा होता, मी नाकारत नाही, ट्रेनिंग किती आणि कुठे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एमबीबीएस मुलीने, जिच्याबरोबर मी आठ महिने डबा खाल्ला होता, काळी फीत लावली आणि माझ्याकडे बघितलं नाही. नंतर तीही रडली, मीही. मे २०२१ ला रामदेवबाबा अ‍ॅलोपॅथीबद्दल जे बोलले, हर्षवर्धनांच्या पत्रानंतर शब्द मागे घेतले आणि लगेच पुढे आयएमएला २५ प्रश्न विचारले, तेव्हा शरमेने माझी मान खाली गेली, कारण त्या प्रश्नांचं उत्तर वॉर्डात द्यायला मीच उभी होते. लोक मला विचारत होते, 'मॅडम तुम्ही आमच्या बाजूच्या ना?'

निवडा म्हणता, मी पेशंट निवडला. दुसरं काय निवडणार?

---

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर कायदा १९५४ पासून आहे, नवीन काही लागत नाही. वापरतच नाहीत. शिवाय औषध नियमांत १७० नंबरचा नियम होता, आयुष औषधाची जाहिरात आधी राज्याकडून मंजूर करून घ्या असा. मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये तो काढून टाकला, सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये त्या काढण्यालाच स्थगिती दिली. बातमी माफीनाम्याची झाली, वर्तमानपत्रात किती इंचाचा छापला वगैरे. खरी गोष्ट तो नियम होती आणि त्यावर कुठेच भांडण झालं नाही, कारण नियमाला चेहरा नसतो.

---

शुक्रवारपेठ

वैद्यताई, तुमचं 'मी पेशंट निवडला' हे वाक्य वाचून मी काल रात्री काही लिहिलं नाही. आज लिहितो.

तुम्ही यादी मागितलीत. मी शोधली. सापडली ती वेगळीच. सर्पगंधा. आजोबा झोप न येणाऱ्यांना, डोकं भणभणणाऱ्यांना द्यायचे. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटवर तिचा अभ्यास करून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि सगळ्या जगाने ती वापरली. आणि नंतर तिच्यामुळे नैराश्य येतं अशा तक्रारी आल्या, अधिक चांगली औषधं आली, वापर कमी झाला. म्हणजे आपलं औषध तपासलं गेलं, मान मिळाला, आणि तपासणीनेच मागे पडलं. यात आजोबांचा अपमान झाला असं मला वाटत नाही. चीनच्या तू यूयू बाईंना २०१५ ला नोबेल मिळालं तेही जुन्या पोथीतून वनस्पती घेऊन, पण मलेरियावर मोजून.

तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. तपासा, पण आदराने तपासा. आधीच निकाल लावून तपासू नका.

---

यॉर्कशायरची_नर्स

+१ शुक्रवारपेठ. शेवटच्या दोन ओळींना पूर्ण अनुमोदन.

---

वर्धेची_सून

मी फक्त वाचत होते, पण आता विचारतेच. माझ्या आईचं वय ६२, शुगर आहे. २०२० ला सुरू केलेला गुळवेलाचा काढा ती अजून रोज घेते, अंगणातलाच वेल आहे. महिन्यापासून जेवण जात नाही, थकवा येतो म्हणते. मी बंद कर म्हटलं तर भाऊ म्हणतो तू त्या लोकांचं ऐकतेस, नैसर्गिक आहे, काही होत नाही. घरात बोलायची सोय राहिली नाही. काय करू?

---

माणदेशी_वैद्य

@वर्धेची_सून ताई, भावाशी वाद घालू नका, आधी हे करा. काढा आजपासून थांबवा आणि उद्या सकाळी लिव्हरची तपासणी करून घ्या, एलएफटी म्हणतात, साधी रक्ताची टेस्ट आहे. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील तर उद्याची वाट न बघता आजच दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांना काढ्याचं नक्की सांगा, आई लपवतील, तुम्ही सांगा.

घाबरवायला म्हणत नाही. मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये असे सहा पेशंट बघितले, गुळवेल घेणारे, लिव्हर सुजलेले. २०२१ ला ते छापून आलं तेव्हा मंत्रालय म्हणालं की दुसरा तसाच दिसणारा वेल असेल, ओळखण्यात चूक झाली असेल. ती शंका रास्त होती, असे वेल आहेत. मग देशातल्या बऱ्याच सेंटरांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास केला, तरी वाद मिटला नाही. सगळ्यांना त्रास होतो असं नाही, पण काहींना होतो असं दिसतंय. आमच्या ग्रंथात प्रत्येक द्रव्याला मात्रा आहे, काळ आहे, कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही ते आहे. चार वर्षं रोज घ्या असं मला कोणी शिकवलेलं नाही.

भावाला सांगा की एका आयुर्वेदाच्या डॉक्टरनेच थांबवायला सांगितलंय. माझं नाव सांगा हवं तर. रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी बघते.

---

वर्धेची_सून

सकाळी सातला लॅबवाला घरी येतोय. काढ्याचं भांडं मी घासून वर ठेवलं. आई रागावलीये, पण रक्त देते म्हणाली.